चोर सोडून संन्याशाला फाशी

२१ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरातील भव्य बंदिस्त क्रीडागारात दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा सामना झाला. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. अंगावर चिलखत चढवून, डोक्यावर शिरस्त्राण घालून खेळला जाणारा हा अमेरिकेचा खास खेळ आहे. यजमान ह्यूस्टन विद्यापीठाने डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा ९५ विरुद्ध २१ असा धुव्वा उडविला. पराभूत संघातील बहुसंख्य मुले नुकतीच शाळेतून बाहेर पडून विद्यापीठात दाखल झालेली, अठरा-एकोणीस वर्षांची होती. समोरच्या कसलेल्या, धिप्पाड खेळाडूंपुढे त्यांचा निभाव लागणे शक्यच नव्हते. त्या हंगामातील अकरा सामन्यांपैकी नऊ सामने त्यांनी गमावले.

या मुलांचा अपराध कोणता होता? त्यांनी कोणाकडून पैसा घेतला नव्हता, कोणताही नियम मोडला नव्हता. ज्या गैरव्यवहारांची शिक्षा त्यांच्या विद्यापीठाला झाली, ते घडले तेव्हा ती माध्यमिक शाळेत शिकत होती. तरीही मैदानावर उभे राहून ती फेडत होती ते दुसऱ्यांचे पाप. त्यातील विसंगती येथेच संपत नाही. विजयी ह्यूस्टनचा संघही त्या हंगामात शिक्षाच भोगत होता. आधीच्या काळातील नियमभंगामुळे त्याला दूरदर्शनवर झळकण्यास आणि हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांत उतरण्यास मनाई होती. त्या वर्षीचा देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू ह्यूस्टनचाच ठरला, पण त्याचा खेळ देशाला दूरदर्शनवर पाहता आला नाही. म्हणजे मैदानावर समोरासमोर उभे असलेले दोन्ही संघ आपापल्या पूर्वसूरींच्या कृत्यांचे भोग भोगत होते.

महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात नियम पायदळी तुडविले जातात, तेव्हा जबाबदार कोण? पैसा घेणारा खेळाडू, तो देणारा धनिक, डोळे मिटून घेणारा प्रशिक्षक, की या सर्वांच्या वर बसलेले विद्यापीठाचे धुरीण? अमेरिकेत हा प्रश्न शतकभर चर्चिला जात आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या प्रकरणासारखे दुसरे उदाहरण नाही.

डॅलस हे तेलाच्या आणि जमिनीच्या व्यवहारांतून गब्बर झालेल्यांचे शहर. आपल्या विद्यापीठाचा संघ राज्यातील बलाढ्य संघांना लोळवितो, याचा अभिमान तेथील धनिक माजी विद्यार्थ्यांच्या नसानसांत भिनलेला होता. त्यासाठी उत्तम खेळाडू हवे होते आणि उत्तम खेळाडू आणण्यासाठी पैसा मोजण्याची त्यांची तयारी होती. नियमांनुसार खेळाडूला शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन यांपलीकडे काही देणे निषिद्ध होते. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेने १९८५ मध्ये विद्यापीठाला दोषी ठरवून तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले. त्यानंतर तरी शहाणपण सुचावयास हवे होते. झाले ते उलटेच. १९८५-८६ मध्ये तेरा खेळाडूंना एका हितचिंतकाच्या गुप्त निधीतून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले आणि क्रीडाविभागातील अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने आपल्या भात्यातील सर्वांत कठोर अस्त्र बाहेर काढले. १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. १९८८ मध्ये केवळ परगावचे सामने खेळण्याची मुभा होती, तीही विद्यापीठाने नाकारली. क्रीडाजगतात या शिक्षेला ‘देहदंड’ म्हणूनच ओळखले जाते.

यानंतर बाहेर आलेली हकीकत अधिक धक्कादायक होती. मार्च १९८७ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी एक कबुली दिली. गव्हर्नरपदाची सूत्रे पुन्हा हाती घेण्यापूर्वी ते या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. खेळाडूंना पैसे दिले जात असल्याचे त्यांना ठाऊक होते, इतकेच नव्हे, तर पूर्वी दिलेली आश्वासने पाळावयाची म्हणून हे वाटप लगेच न थांबविता हळूहळू बंद करावे, या निर्णयात ते सहभागी होते. म्हणजे नियमभंगाचा निर्णय एखाद्या अंधाऱ्या गल्लीत झाला नव्हता. विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाच्या प्रमुखाच्या संमतीने तो झाला होता. कुंपणच शेत खाते, ते असे.

आता शिक्षेचा हिशेब मांडून पाहावा. जे खेळाडू काही महिन्यांपूर्वी विद्यापीठाची शान होते, त्यांना पथारी गुंडाळून अन्यत्र जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या कोवळ्या मुलांनी ९५ गुणांचा मार खाल्ला. १९८९ पासून पुढच्या वीस हंगामांत या संघाला पराभवांपेक्षा अधिक विजय मिळाले ते केवळ एकदा, १९९७ मध्ये. आणि गव्हर्नरमहाशय? त्यांनी आपला कार्यकाळ जानेवारी १९९१ पर्यंत सुखेनैव पूर्ण केला. चोर सोडून संन्याशाला फाशी देणे म्हणजे काय, हे समजून घेण्यास याहून अधिक पुराव्याची गरज नाही.

हे सारे कशामुळे घडते, हे समजण्यासाठी अमेरिकी विद्यापीठांची रचना ध्यानात घ्यावी लागेल. तेथे विद्यापीठाचा संघ म्हणजे केवळ विद्यार्थ्यांचा विरंगुळा नव्हे. ऐंशी हजार, एक लाख प्रेक्षक बसतील अशी क्रीडांगणे विद्यापीठांच्या मालकीची आहेत. दूरदर्शन वाहिन्या प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी अब्जावधी डॉलर मोजतात. बहुतेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर राज्याचा प्रमुख नसतो, न्यायाधीश नसतो. तो शासकीय विद्यापीठाचा फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी घरी पाठविले, तेव्हा करारानुसार त्याला देणे निघाले ते ७५ दशलक्ष डॉलरहून अधिक. शिकविण्यासाठी नव्हे, निघून जाण्यासाठी! ज्ञानमंदिराच्या आवारात एवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली, तर नियम हा देवळातील घंटेसारखा होतो. येता-जाता वाजवायचा आणि पुढे सरकायचे.

हा धोका तेथील विचारवंतांना कळला नव्हता, असेही नाही. १९०५ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर तरुणांचे बळी जाऊ लागले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातले आणि १९०६ मध्ये आजच्या एनसीएएची पूर्वज संस्था जन्मास आली. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन क्रीडेवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडूंची आमिषे दाखवून केली जाणारी भरती आणि छुपी आर्थिक मदत यांवर त्याने प्रखर प्रकाश टाकला. हा रोग आवरण्याची पहिली जबाबदारी त्याने विद्यापीठाच्या अध्यक्षावर, म्हणजे आपल्याकडील कुलगुरूंच्या स्थानी असलेल्या व्यक्तीवर टाकली होती. १९९१ मध्ये नाइट आयोगानेही तेच सांगितले. क्रीडाविभागाची सूत्रे विद्यापीठाच्या अध्यक्षाच्या हाती हवीत आणि शैक्षणिक व आर्थिक सचोटीचा जाब त्यालाच विचारला गेला पाहिजे, हे त्याच्या शिफारशींचे सूत्र होते. निदान झाले होते, औषधही सांगितले गेले होते. ते घेण्याची इच्छा मात्र नव्हती.

त्याचा प्रत्यय २०१० मध्ये पुन्हा आला. लॉस एंजलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा तारांकित खेळाडू रेजी बुश याला आणि त्याच्या कुटुंबाला क्रीडा-दलालीत शिरू पाहणाऱ्या मंडळींकडून पैसा आणि अन्य लाभ मिळाल्याचे निष्पन्न झाले. बुश २००५ च्या हंगामानंतर विद्यापीठ सोडून व्यावसायिक क्षेत्रात गेला होता. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले, ते मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल निकालापूर्वी पाच महिने, जानेवारी २०१० मध्ये व्यावसायिक संघाकडे निघून गेले होते. जूनमध्ये निकाल आला. दोन वर्षे हंगामोत्तर सामन्यांवर बंदी, तीन वर्षांत तीस शिष्यवृत्त्यांची कपात आणि जुने विजय रद्द. ही बंदी भोगणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण बुश मैदान गाजवीत होता तेव्हा शाळेच्या बाकावर होते. कॅरोल यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे सर्वोच्च विजेतेपद पटकावले. बुशने परत केलेला हाइजमन करंडकही एप्रिल २०२४ मध्ये त्याला सन्मानाने परत मिळाला. परंतु ज्या तीस शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या, त्या ज्यांना मिळू शकल्या असत्या, त्या मुलांना कोणी काय परत केले?

पैशाचा गैरव्यवहार एक वेळ समजू शकतो. विद्यार्थ्याकडून विद्याच हिरावून घेणे हा त्याहून मोठा अपराध आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ हे अमेरिकेतील नामवंत शासकीय विद्यापीठांपैकी एक. तेथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे एका विभागात नावापुरते अभ्यासक्रम चालत होते. वर्ग भरत नसे, अध्यापक फिरकत नसे. शेवटी एक निबंध सादर करावयाचा आणि त्याला सढळ हाताने गुण द्यायचे, तेही अध्यापकाने नव्हे, तर विभागाच्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने! माजी सरकारी अभियोक्ते केनेथ वेनस्टाइन यांच्या ऑक्टोबर २०१४ च्या अहवालानुसार ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी या सोयीचा लाभ घेतला आणि त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. काही खेळाडूंना धड वाचताही येत नाही, हे उघडपणे सांगणाऱ्या मेरी विलिंगहॅम यांना विद्यापीठात राहणे अशक्य झाले. त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१५ मध्ये विद्यापीठाने ३ लाख ३५ हजार डॉलर देऊन तो वाद मिटविला.

आणि एनसीएएने काय केले? ऑक्टोबर २०१७ मध्ये तिने निर्णय दिला, की हे अभ्यासक्रम सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते. सबब खेळाडूंना विशेष लाभ दिल्याचा नियमभंग सिद्ध होत नाही. विद्यापीठ सुटले. जो मुलगा गरीब घरातून आला, चार वर्षे विद्यापीठासाठी हाडे मोडून घेतली आणि हाती नुसता कागद घेऊन बाहेर पडला, त्याची फसवणूक या नियमावलीच्या कोणत्याच कलमात बसली नाही. शिकवितो असे सांगून न शिकविणे, हा जगातील कोणत्याही शिक्षणपरंपरेत गुरूचा सर्वांत मोठा दोष मानला जाईल.

गुन्हेगारी कायद्यानेही याहून वेगळे चित्र दाखविले नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील लाचखोरी उघड केली. दहा जणांना अटक झाली. त्यांत चार सहायक प्रशिक्षक होते, तसेच क्रीडासाहित्य बनविणाऱ्या बड्या कंपनीशी संबंधित मंडळी होती. काहींना तुरुंगवासही झाला. परंतु या खटल्यांत सरकारी पक्षाने विद्यापीठांना कोणत्या भूमिकेत उभे केले? आरोपींच्या नव्हे, फसविल्या गेलेल्यांच्या! एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या संस्था बिचाऱ्या ठरल्या आणि दुय्यम दर्जाचे प्रशिक्षक गजाआड गेले. उतरंडीतील तळाचे मडके फोडायचे आणि वरच्यांना धक्काही लागू द्यायचा नाही, हाच तो न्याय.

अलीकडच्या काळात मात्र वारे थोडे फिरल्यासारखे दिसते, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२३ पासून एनसीएएच्या नियमांनुसार मुख्य प्रशिक्षक आपल्या सहकाऱ्यांच्या नियमभंगाला आपोआप जबाबदार धरला जातो. ‘मला काही ठाऊक नव्हते’ ही सबब त्याला या जबाबदारीतून सोडवीत नाही. जुलै २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या प्रकरणात दोनशेहून अधिक उल्लंघने सिद्ध झाली. विद्यापीठाला सुमारे ८० लाख डॉलर दंड झाला. तत्कालीन प्रशिक्षकाला कामावर घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला सहा वर्षांपर्यंत एनसीएएपुढे जाब द्यावा लागेल, असा आदेश निघाला. संघावर मात्र हंगामोत्तर बंदी घातली गेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणातही हेच धोरण दिसले. तेथे एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांचे सांकेतिक इशारे टिपण्याची यंत्रणाच उभारली होती. बहुवर्षीय बंदी योग्य ठरली असती, पण निघून गेलेल्यांच्या कृत्यांसाठी आजच्या खेळाडूंना दंड करणे अन्यायाचे होईल, असे निवाडा करणाऱ्या समितीने स्पष्ट नमूद केले. बंदीऐवजी जबर आर्थिक दंड आकारला. जे ह्यूस्टनच्या मैदानावर १९८९ मध्ये ढळढळीत दिसत होते, ते मान्य होण्यास छत्तीस वर्षे लागली!

तरीही हा न्याय अर्धाच आहे. मिशिगनचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी आपल्याला काहीही ठाऊक नसल्याचे सांगितले होते. एनसीएएने त्यांच्यावर तसाच दहा वर्षांचा आदेश बजाविला. पण तो लागू होणार ऑगस्ट २०२८ पासून, आणि हारबॉ तर जानेवारी २०२४ मध्येच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून व्यावसायिक संघाच्या सेवेत रुजू झाले आहेत. एनसीएएचा हात तेथे पोहोचत नाही. विद्यापीठाने भरलेला दंडही शेवटी कोणाच्या खिशातून जातो? तिकिटे काढणाऱ्यांच्या, देणग्या देणाऱ्यांच्या आणि कदाचित ज्या खेळांना प्रेक्षक नाही, अशा खेळांतील विद्यार्थ्यांच्या. प्रशिक्षकाची नेमणूक करणारे, त्याचे करार मंजूर करणारे आणि विजयाच्या छायाचित्रात पहिल्या रांगेत उभे राहणारे विश्वस्त मात्र नामानिराळेच राहतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो अगदीच निराधार नाही. संघाला शिक्षाच झाली नाही, तर विद्यापीठाला धाक कशाचा? लबाडीने जिंकलेल्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांच्या प्रामाणिक खेळाडूंवर अन्याय झाला, त्याचे काय? शिवाय पैसा घेणारा खेळाडूही सज्ञान असतो. त्याला दूधखुळा कसे मानता येईल? आक्षेपाचा शेवटचा भाग खरा आहे. ज्याने जाणूनबुजून नियम मोडला, त्याने त्याचे फळ भोगलेच पाहिजे. गरिबी हे स्पष्टीकरण होऊ शकते, समर्थन नव्हे. लबाडीने मिळविलेले विजेतेपद काढून घेण्यासही कोणाची हरकत असू नये. परंतु धाक निर्माण करावयाचा तर तो ज्यांच्या हाती निर्णय आहे, त्यांच्या मनात निर्माण झाला पाहिजे. प्रशिक्षकाच्या करारातच अशी अट का असू नये, की नियमभंग सिद्ध झाल्यास त्या काळातील विजयांसाठी घेतलेली बक्षिसी त्याने परत करावी, मग तो कोठेही नोकरीस असो? ज्या विश्वस्ताने नियमभंगाला संमती दिली, त्याला विद्यापीठाची दारे कायमची बंद का होऊ नयेत? अध्यक्षाने दरवर्षी क्रीडाविभागाच्या कारभाराची ग्वाही स्वतःच्या स्वाक्षरीने द्यावी आणि ती खोटी ठरल्यास पद सोडावे, यात अशक्य ते काय? अधिकार जितका मोठा, तितके उत्तरदायित्व मोठे, एवढे साधे तत्त्व आहे.

हा प्रश्न आता कालबाह्य झाला, असे कोणी म्हणेल, तर तोही भ्रम ठरेल. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या निर्बंधांविरुद्ध एकमताने निर्णय दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकातून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा होती प्रत्येक विद्यापीठामागे २०.५ दशलक्ष डॉलर. ज्या कृत्यासाठी सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाला देहदंड झाला, ते आता राजरोस व्यवहार झाले आहे. खेळाडूंच्या घामाचे मोल त्यांना मिळावे, यात वावगे काही नाही. पण मर्यादा आली की ती ओलांडण्याचा मोह आलाच. नवी नियामक संस्था आली, नवे नियम आले. ते मोडले गेल्यावर उत्तर कोणी द्यायचे, हा जुना प्रश्न मात्र तसाच उभा आहे. हेच सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ धनिक पाठीराख्यांच्या बळावर २०२४ मध्ये बड्या विद्यापीठांच्या गटात दाखल झाले आणि त्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम बारा संघांत पोहोचले. पैसा होता तेथेच आहे. फक्त तो टेबलाखालून टेबलावर आला आहे.

ही अमेरिकेची कहाणी आपल्याकडे कशासाठी, असे वाटू शकेल. आपल्याकडे विद्यापीठीय क्रीडेला आता कोठे बरे दिवस येऊ लागले आहेत. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचा प्रारंभ झाला. गुणवान खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. हे स्वागतार्हच आहे. पण पदक, पैसा आणि प्रतिष्ठा आली की त्यांच्यामागून आडवाटाही येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्यस्तरीय मैदानी स्पर्धेत उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारे पथक आल्याचे कळताच अनेक स्पर्धक पसार झाले आणि पुरुषांच्या शंभर मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावण्यासाठी एकच धावपटू उरला. ती स्पर्धा विद्यापीठांची नव्हती. परंतु पळून गेलेल्या तरुणांची टिंगल करून विषय संपत नाही. त्यांच्या हाती सुई देणारा कोण, त्यांचा प्रशिक्षक कोण आणि त्याला नेमणारे कोण, हे विचारणारे समाजात किती निघाले? विद्यापीठांच्या मैदानावर पैशाचा ओघ वाढण्यापूर्वीच हे प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर अमेरिकेला जे कळण्यास शतक लागले, त्यासाठी आपल्या मुलांना किंमत मोजावी लागणार नाही.

विद्यापीठ हे अखेर पालकांनी विश्वासाने सोपविलेल्या मुलांचे घर असते. घरातील कर्त्याने कर्ज काढावे आणि ते धाकट्याने फेडावे, ही रीत कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नाही. १९८९ च्या त्या संध्याकाळी ९५ गुणांचा मार खाऊन मान खाली घालून मैदानाबाहेर पडलेल्या मुलांकडे कोणाचेही देणे नव्हते. ज्यांचे होते, ते त्या वेळी सन्मानाच्या खुर्च्यांवर बसलेले होते. त्या खुर्च्यांपर्यंत न्यायाचा हात जोवर पोहोचत नाही, तोवर नियम कितीही कडक केले, तरी त्यांचा फटका बसेल तो धाकट्यांनाच.